आद्य जनसमूह, टाकी नग एक

धामणखडी हे गाव बीड जिल्ह्यात आहे आणि त्या वर्षी तिथे पाणी नव्हतं. ही दोन्ही विधानं सरकारी कागदांत एकाच ओळीत आढळतात आणि दोन्हींबद्दल कुणालाच काही वाटेनासं झालेलं आहे.

टँकर एक दिवसाआड यायचा आणि गावच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांच्या फाटकापाशी थांबायचा. तिथेच का थांबतो, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं : डांबर तिथवरच आहे. डांबर तिथवरच का आहे, हे विचारायची वेळ येईपर्यंत टँकरची नळी खोकायला लागलेली असायची. रांगेचाही एक क्रम होता. आधी वरची आळी, मग मधली आळी, मग शेतातल्या वस्त्या आणि सगळ्यात शेवटी ओढ्याकाठची खालची वस्ती. हा क्रम कुणी ठरवलेला नव्हता, म्हणून तो कुणाला बदलताही येत नव्हता.

खालच्या वस्तीतली सिंधुबाई रांगेच्या शेपटाला उभी असायची. कडेवर सात महिन्यांची मित्रा, पायाशी दोन प्लास्टिकच्या घागरी. नवरा जालिंदर कोयता घेऊन ऊसतोडीला लांब कोल्हापूरकडे गेलेला. दर वर्षी तीही जायची. यंदा लेकरू अंगावरचं म्हणून मागे राहिली होती. रांगेत तीन-तीन तास ऊन खाऊन पोरीचे गाल चुलीजवळ ठेवलेल्या भाकरीसारखे व्हायचे. पुढच्या बाईची मातीची घागर बाहेरून पाझरलेली दिसली की मित्रा मान लांबवून ती ओल चाटायची आणि एवढं गोड काही जगात नसावं अशा डोळ्यांनी आईकडे बघायची. तिला अंघोळ चौथ्या दिवशी, एका तांब्यात. त्यातही सिंधुबाई अर्धा तांब्या आधी केसांवर घालायची, कारण पाणी संपलंच तर निदान डोकं तरी धुऊन निघालेलं असावं. वस्तीत पाणी यावं, पोरीला घेऊन उन्हात उभं राहायला लागू नये, एवढंच तिला हवं होतं. याहून मोठं काही तिनं त्या वर्षी मागितलं नाही.

अशात सोसायटीला एक पत्र आलं. पाठवणार, विभागीय सहकारी जलकुंभ महामंडळ. मजकूर असा : ‘आपल्या कार्यक्षेत्रातील आद्य जनसमूहाच्या वस्तीत पाच हजार लिटर क्षमतेची टाकी (नग एक) बसवण्यात यावी व टँकर प्रथम तेथे रिकामा करण्यात यावा. सदर समूह कोणता, हे पुराव्यानिशी पंधरा दिवसांत कळवावे. न कळवल्यास टाकी परत घेतली जाईल.’ हे पत्र मुळात कुठल्याशा जंगलातल्या तालुक्यांसाठी लिहिलं होतं. पण पाठवणाऱ्या कारकुनानं यादीतल्या सगळ्याच तालुक्यांपुढे बरोबरची खूण केली, कारण खूण न करण्यासाठी कारण द्यावं लागतं.

गटसचिव बंकट यानं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं.

“आद्य म्हंजे?” संचालक आप्पाराव म्हणाले.

“आद्य म्हंजे आधी,” सुंदरराव म्हणाले. “अन् आधी म्हंजे आमी. सोसायटीचा एक नंबरचा सभासद कोण? आमचे वडील.”

“अन् तुमचे वडील सभासद झाले तवा बसले कुठं? आमच्या आज्यानं दिलेल्या जागेत.”

या दोघांचं ‘पहिलं कोण’ हे भांडण दर पोळ्याला, वेशीतून कुणाचे बैल आधी जायचे यावरून व्हायचं. यंदा बैल चारा छावणीत होते, त्यामुळे भांडण मोकळं होतं. शेवटी बंकटनं नियमावर बोट ठेवून ‘आद्यत्व निश्चिती उपसमिती’ नेमली. उपसमितीत एक महिला हवी होती आणि एक सदस्य खालच्या वस्तीतला हवा होता. सिंधुबाई बारावी पास होती आणि दोन्ही होती. एका माणसात दोन अटी बसल्यामुळे एक खुर्ची वाचली. नंतर पाहिलं तर ती वाचलेली खुर्ची सिंधुबाईचीच निघाली. ती उंबऱ्याशी बसली.

शब्दाचा अर्थ सांगायला तालुक्याच्या कॉलेजातून इतिहासाचे प्राध्यापक अर्जुनराव आले. सरांना चहा दिला. चहा अर्धा कप होता, दुष्काळ होता. सर म्हणाले, “हा प्रश्न जुना आहे. रोमन लोकांनीसुद्धा त्यांच्या मातीतल्या सगळ्यात जुन्या लोकांना एक शब्द ठेवला होता. त्याचा अर्थ काहींच्या मते ‘आरंभापासूनचे’. काही म्हणत, तसं नाही, त्याचा अर्थ ‘भटके’. शेवटपर्यंत त्यांचं एकमत झालं नाही.”

“म्हंजे त्यांच्यातबी संचालक मंडळ होतं,” आप्पाराव म्हणाले.

“थोडक्यात,” सर म्हणाले, “ज्यांचं येणं कुणालाच आठवत नाही, ते आद्य. जो आल्याची नोंद आहे, तो नंतरचा.”

बंकटनं हे वाक्य जसंच्या तसं ठरावात घातलं. चष्मा लावलेल्या माणसानं बोललेलं सगळं लिहून घ्यायची त्याला सवय होती. सुंदररावांनी त्या वाक्यातला ‘नोंद’ एवढाच शब्द ऐकला आणि ते प्रसन्न झाले.

“नोंद गावात आमच्याशिवाय कुणाची हाय? राधाकिशनला बोलवा. होऊन जाऊ द्या.”

राधाकिशन हा वंशावळी सांगणारा भाट. दर तिसऱ्या वर्षी तो गावात यायचा. त्याच्या लाल फडक्यातल्या बाडात वरच्या आणि मधल्या आळीतल्या प्रत्येक घराचा मूळ पुरुष लिहिलेला होता. तो ओसरीवर बसून खड्या आवाजात वाचायचा आणि घरातली माणसं, आपण इथली नव्हेत, कुठून तरी लांबून आणि मोठ्या थाटानं आलेलो आहोत, हे ऐकून जेवणाआधीच तृप्त व्हायची. मूळ पुरुष जितका लांबून आलेला, तितकी राधाकिशनची बिदागी भारी. पिढ्यानपिढ्या गावानं हौसेनं हाच एक खर्च केला होता.

वाचनाला अख्खं गाव सोसायटीच्या आवारात बसलं. राधाकिशननं बाडाला हात जोडले आणि सुरुवात केली.

“ऐका, सुंदररावांचा वंश. मूळ पुरुष धार नगरीहून आले. संगती चाळीस घोडे, सात उंट, एक भालदार. नर्मदा ओलांडून आले, तापी ओलांडून आले, गोदावरी ओलांडून—”

प्रत्येक नदीला दाद द्यायची लोकांची रीत होती. दोन नद्यांपर्यंत ती मिळाली. तिसऱ्या नदीला अर्जुनराव सर खाकरले आणि बंकटनं ठरावाचा कागद सुंदररावांपुढे सरकवला. त्यांनी तो वाचला. मग परत वाचला.

“राधाकिशन, ते घोडे जरा कमी करा.”

“किती ठेवू?”

“काढाच.”

“मग पायी आले असं वाचू?”

“पर त्यांना यायचंच कावून पडलंय? हितंच असत्याल.”

“आता बगा साहेब,” राधाकिशन बाड मिटून म्हणाला, “तुमच्या आज्याच्या टायमाला ते कडा गावाहून आले असं होतं. तुमच्या वडलांनी मला पाटावर बसवलं अन् म्हणाले, कडा लई जवळ पडतंय, सोयरिकी जमंनात. वासरासकट गाय दिली. म्हणून आमी त्यांला धारला नेलं. आता तुमी म्हणता हितंच असत्याल. गाईचं काय करायचं?”

आप्पाराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. राधाकिशननं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

“तुमचे उज्जैनचे, आप्पाराव. आमच्याकडं तुमच्या घरची म्हैस आली.”

त्या दिवसापासून गावात उलटा प्रवास सुरू झाला. पिढ्यांच्या कष्टानं लांब नेलेले पूर्वज रोज थोडे थोडे जवळ आणले जाऊ लागले. सुंदररावांचे पूर्वज धारहून पैठणला आले, पैठणहून कड्याला. आप्पारावांनी आपले तेलगावात आणून बसवले. दुसऱ्या दिवशी सुंदररावांचे शिवेपलीकडच्या ओढ्यात दिसले. आप्पारावांचे अलीकडे होते. तिसऱ्या दिवशी सुंदररावांनी जाहीर केलं की त्यांचे मूळ पुरुष कुठूनच आलेले नसून पांढरीच्या शेतात नांगरताना सापडले. किती खोल, असं आप्पारावांनी विचारलं. हातभर. आप्पारावांचे दोन हात खोल सापडले. संध्याकाळपर्यंत सुंदररावांचे पूर्वज नऊ हात खाली गेले.

“तिथं निस्ता काळा पाषाण हाय,” आप्पाराव म्हणाले. “अन् तिथवर काय घावलं असतं तर आधी पाणी घावलं असतं. मग टाकी कशाला लागली असती बे?”

राधाकिशन जे सांगाल ते लिहीत होता. पण जुनं पान फाडायला मात्र तो तयार नव्हता. पान फाडलं तर भाटाचा वंश बुडतो, असं त्याच्या घरात मानत. त्यामुळे प्रत्येक घराला दोन-दोन पानं झाली : एकावर चाळीस घोडे घेऊन आलेला पूर्वज आणि समोरच्या पानावर, शाई अजून न वाळलेला, जमिनीतून निघालेला.

चौदाव्या दिवशी उंबऱ्यावरून आवाज आला.

“भाटबुवा, आमच्या वस्तीचं काय लिवलंय?”

सगळ्यांनी मागे पाहिलं. सिंधुबाईनं विचारण्यासारखं काही आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. राधाकिशननं सवयीनं बाड चाळलं, मग चाळायचं थांबवलं.

“तुमचं न्हाई, पोरी. आमचे आजे-पणजे वस्तीत उतरत नव्हते.”

“मग आमी आलो कुठून?”

“ते कुणी लिवलंच न्हाई.”

“म्हणजे,” अर्जुनराव सर बोलून गेले, “यांचं येणं कुणालाच आठवत नाही.”

आपण काय बोललो हे सरांना कळेपर्यंत बंकटनं ते लिहून घेतलं होतं.

सिंधुबाईची सासू भिमाबाई नातीला मांडीवर घेऊन बाहेर बसली होती. ती तिथूनच म्हणाली, “यायचं कशाला आठवंल? शिवेचा तंटा लागला की आमच्या आजेसासऱ्याला पुढं घालायचे. डोक्यावर मातीचं ढेकूळ घिऊन ते चालत्याल ती शिव. सुंदरराव, तुमच्या रानाची वरली हद्द त्यांनीच चालून दिली. सगळ्यांचं रान कुठवर ते आमी सांगितलं. आमचं कुठवर, ते मातर कुणी इचारलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती आणि पुरावा नसता तर टाकी परत जाणार होती. सुंदररावांनी खालच्या वस्तीच्या नावावर सही केली. “आधी टाकी गावात यिऊ द्या,” ते आप्पारावांच्या कानात म्हणाले, “मग बगू.” आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

महामंडळाचं उत्तर आठवड्यात आलं. धामणखडीची खालची वस्ती आद्य ठरली होती, अभिनंदन. वस्तीतल्या बायकांनी ओढ्यातले धोंडे डोक्यावर वाहून चार दिवसांत टाकीसाठी ओटा रचला. सिंधुबाईनं जालिंदरला फोन केला.

“दारातून बारा पावलं, अवो. मी मोजली. लेकरू पाळण्यात ठिवून पाणी आणता यील.”

“खरं सांगतीस का?”

“ओटा तयार हाय. तुमी याल तवा तिला रोज अंघोळ घालते बगा. बादलीत बसवून.”

“मग बादली मी आणतो, मोठी,” जालिंदर म्हणाला.

टाकी आली ती दुसरं पत्र घेऊनच. सोबत जतन अधिकारी होते. एखादा समूह आद्य ठरला की आपोआप ‘आद्यत्व जतन नियमावली’ लागू होते, ही गोष्ट पहिल्या पत्रात जागेअभावी लिहायची राहिली होती. कलम दोन : आद्य समूहाची मूळ जीवनपद्धती अबाधित राखणे सर्वांवर बंधनकारक आहे. कलम तीन : सबब त्यांच्या वस्तीत टाकी, तोटी, प्लास्टिक अशा बाहेरच्या वस्तू आणू नयेत. कलम चार : देण्यात आलेली टाकी लगतच्या, जतन करण्यासारखे काही नसलेल्या, नंतर आलेल्या लोकांच्या वस्तीत ठेवावी.

“नंतर आलेले कोण?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“आमी,” सुंदरराव म्हणाले. इतका नम्र आवाज गावानं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “आमी तर काल आलो म्हणा ना. धारहून. घोड्यांसकट.”

राधाकिशनला गाडी पाठवून परत आणलं. जुनं पान शाबूत होतंच. घोडे चाळीसचे साठ झाले, शिवाय हत्ती एक. आप्पारावांचे पूर्वज तर उज्जैनलाही थांबायला तयार होईनात. हिमालयाकडून आले म्हणा, म्हणाले.

सिंधुबाई अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. “साहेब, टाकी आमच्या नावानं आली.”

“नावानं तुमच्याच आहे. वर तसं रंगवून देणार आहोत आम्ही. पण ती वस्तीत ठेवली तर तुमचं मूळपण बाटेल ना, बाई.”

“इतकी वर्सं आमच्यानं पाणी बाटायचं,” सिंधुबाई म्हणाली. “आता पाण्यानं आमी बाटतो का?”

अधिकारी सुशिक्षित होते. त्यांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते ‘मौखिक परंपरा’ या सदराखाली टिपून घेतलं. मग भिमाबाईकडे वळून त्यांनी विचारलं, गावकीची घुंगराची काठी वगैरे जुनी साधनं वस्तीत आहेत का.

“ती काठी आमी छप्पन साली टाकली. आमच्या सासऱ्यानं टाकली, चावडीपुढं, समद्यांच्या देखत.”

“परत मिळेल का?”

“ती टाकाया आमाला किती पिढ्या लागल्या ठावं हाय का तुमाला? परत कशाला शोधू?”

अधिकाऱ्यांनी लिहिलं : ‘मूळ साधने नामशेष. प्रतिकृती पुरवावी.’ घरांवरच्या निळ्या झेंड्यांपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. सिंधुबाईच्या प्लास्टिकच्या घागरी पावती देऊन जमा करून घेतल्या आणि बदल्यात मातीची दोन मडकी दिली. मडकं रिकामंच एवढं जड होतं, की भरलेली दोन आणि कडेवर लेकरू असं तिला उचलवेना. ती एकच आणू लागली.

टाकी सुंदररावांच्या फाटकाशी बसली. तिच्यावर पांढऱ्या रंगात ‘आद्य जनसमूहासाठी’ असं लिहिलं होतं. उद्घाटनाला सिंधुबाईला शाल आणि नारळ दिला आणि पहिला तांब्या तिच्या हस्ते सुंदररावांच्या ओंजळीत ओतला. नारळात पाणी निघालं, ते मित्राला मिळालं. रांगेच्या क्रमाचा विषय सिंधुबाईनं उपसमितीत काढून पाहिला. बंकटनं कलम सात वाचून दाखवलं : ‘पूर्वापार प्रथांत ढवळाढवळ करू नये.’ वस्तीनं रांगेत शेवटी उभं राहणं ही निर्विवाद पूर्वापार प्रथा होती. तिचे साक्षीदार अख्खं गाव होतं. आजवर ती नुसती चालत आली होती, आता तिला संरक्षण मिळालं.

मग पाहुणे येऊ लागले. पुण्याहून, मुंबईहून, वातानुकूलित गाड्यांतून. वस्तीच्या तोंडाशी पाटी लागली : ‘कृपया येथील व्यक्तींना पाणी अथवा बाटलीबंद पेय देऊ नये. मूळ सवयी बिघडतात.’ पाटीखाली टेबल, टेबलावर वही. वहीत रकाने तीन : नाव, कुठून आलात, अभिप्राय. वही सांभाळायचं काम सिंधुबाईकडे आलं, लिहिता-वाचता येतं म्हणून. मोबदला मान.

पाहुणे चांगले होते, हे मुद्दाम सांगायला हवं. एकही वाईट माणूस आला नाही. एका दुपारी एक बाई आल्या, सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात अर्धी भरलेली बाटली. त्यांनी मित्राचे गाल हातात घेतले. “किती गं तापलंय हे लेकरू,” त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. मित्रानं बाटलीकडे दोन्ही हात केले.

बाईंनी बाटली थोडी पुढे केली. मग पाटी वाचली. मग सिंधुबाईकडे पाहिलं.

“चालेल ना?” त्यांनी विचारलं.

“मला चालंल, बाई,” सिंधुबाई म्हणाली. “पाटी मी लावली न्हाई.”

बाई नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि दुसऱ्याच्या संस्कृतीचा त्यांना आदर होता. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती पिशवीत ठेवली आणि वहीत एक अख्खं पान लिहून दिलं. जाताना मित्राच्या गालाला त्यांनी पुन्हा हात लावला. हात थंड होता, बाटली धरल्यामुळे.

गाडी गेल्यावर भिमाबाई म्हणाली, “काय लिवलंय गं, वाच की.”

“मन हेलावून गेलं, लिवलंय, आत्या. समद्यांनीच तसं लिवलंय.”

“पाण्याचं कुणी काय लिवलंय का?”

सिंधुबाईनं पहिल्या पानापासून सगळी वही चाळली. “न्हाई, आत्या.”

वहीत अजून जागा आहे. तुम्हीही आता इथवर आलाच आहात, तेव्हा नाव लिहा, कुठून आलात ते लिहा. अभिप्रायात सगळे लिहितात तेच लिहिलं तरी चालतं. बाटली तेवढी पिशवीत घाला, पोर बघतीय.